गुराब आणि ग्रॅब : एका शब्दाचा विग्रह

जयगडच्या किल्ल्याच्या तटावर उभे राहिले, की एका अंगाला शास्त्री नदीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र दिसतो. खाडीच्या मुखावर पहारा ठेवणे हेच या किल्ल्याचे प्रयोजन होते. आज मात्र नजर आधी जाते ती नव्या बंदराकडे आणि तिथल्या अवजड क्रेनांकडे. काही वर्षांपूर्वी तिथे गेलो असताना बंदरावर काम करणारा गावातलाच एक तरुण सोबत होता. जहाजातून कोळसा कसा उतरवतात, ते तो समजावून सांगत होता. क्रेनच्या दोरांना दोन जबड्यांचा एक लोखंडी पंजा टांगलेला असतो. तो उघडून जहाजाच्या पोटात सोडतात, कोळशात रुतवतात आणि मिटून वर खेचतात. “त्याला ग्रॅब म्हणतात, काका,” तो म्हणाला.

मी चमकलो. कारण अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एखाद्या इंग्रज खलाशाने ‘ग्रॅब’ असा पुकारा केला असता, तर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पंजा आला नसता. त्यांच्या डोळ्यांसमोर एक जहाज उभे राहिले असते, आणि बहुधा त्यांच्या पोटात गोळाही आला असता. ते जहाज म्हणजे आंग्र्यांची गुराब. इंग्रजांनी गुराबेचे ‘ग्रॅब’ केले होते आणि गलबताचे ‘गॅलिव्हॅट’.

उच्चार एकच, किनाराही एकच. एका ठिकाणी तो जहाजाचे नाव, दुसऱ्या ठिकाणी झडप घालून धरण्याची क्रिया. माझ्या मनाने तिथल्या तिथे दोहोंची गाठ मारून टाकली. आंग्र्यांच्या गुराबा इंग्रजांची जहाजे धरून नेत. त्या दहशतीतूनच इंग्रजांनी आपल्या भाषेत ‘ग्रॅब’ हे क्रियापद घडवले असणार! कल्पना मोठी सुखावणारी होती. परतल्यावर मी ती दोन-तीन मित्रांना सांगितली, आणि एकालाही तिची शंका आली नाही. इतक्या सहज मान्य झालेल्या गोष्टीची मला मात्र नंतर शंका येऊ लागली. मग कोश आणि इतिहास यांची पाने उलटणे आले. त्यातून जे हाती लागले ते माझ्या कल्पनेइतके सुखावणारे नाही, पण तिच्याहून अधिक विचार करायला लावणारे आहे.

*

प्रथम जहाजाविषयी. ‘गुराब’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मूळ शब्द ‘घुराब’ आणि त्याचा अर्थ कावळा, डोमकावळा. अरब दर्यावर्दी वल्ह्यांवर चालणाऱ्या एका लढाऊ नौकेला हे नाव देत. पश्चिम किनाऱ्यावर येईपर्यंत आणि इथे रुळेपर्यंत नाव तेच राहिले, पण नौका पालटली. मराठ्यांच्या आरमारातली गुराब शिडांची होती. दोन डोलकाठ्यांची गुराब सर्रास असे, तीन डोलकाठ्यांची मोठी. तळ उथळ, मध्यभाग रुंद, आणि पुढे निमुळती होत समुद्रावर लांबवर निघालेली नाळ. त्या नाळेकडे पाहिले, की पक्ष्याची चोच आठवल्याशिवाय राहत नाही.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, असे त्यात सांगितले आहे. ही सर्व योजना एखाद्या कारभाऱ्याने शांतपणे बसून केलेली आहे. लाकूड कोठून आणावे, कोणती झाडे तोडू नयेत, पावसाळ्यात जहाजे कोठे ठेवावीत, याची चिंता तिच्यात आहे. पण आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातली एक सूचना फार मोलाची आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या नेमल्या उत्पन्नातून द्यावा, तो समुद्रावरच्या पैदास्तीवर सोडू नये, असे अमात्य बजावतात. तसे सोडले तर आरमाराचे लोक सावकारांना उपद्रव देतील, सावकारी बुडेल आणि बंदरे ओस पडतील. परमुलखातून आलेल्या व्यापाऱ्याला दिलासा देऊन बंदरात आणावे, त्याच्याकडून उदीम करवावा, असाही त्यांचा आग्रह आहे. प्रत्यक्षात दर वेळी असेच घडले, असे कोणी म्हणणार नाही. तरीही गुराबेचा विचार करणाऱ्या राज्याला ‘मिळेल ते ओढून घ्या’ हे धोरण घातक वाटत होते, एवढे या लेखनावरून निश्चित म्हणता येते.

या गुराबेचे सर्वांत तपशीलवार वर्णन मात्र शत्रुपक्षाकडून मिळते. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आंग्र्यांच्या आरमाराची रचना आणि लढण्याची रीत नोंदवली आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांच्या आतली. नाळेच्या मागच्या आडभिंतीतून पुढे रोखलेल्या दोन मोठ्या तोफा. त्यांचा मारा नाळेवरून समोर होई. नाळेवरचा तक्ता मुद्दाम उघडा ठेवलेला असे, त्याला कठडा नसे, म्हणजे समोरून आदळणारी लाट अडथळ्यावाचून वाहून जाई. गलबते याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, चपळ. वारा पडला, की हीच गलबते गुराबांना ओढून नेत.

लढाईची रीत अशी : सावज दिसले, की आरमार त्याच्या पिछाडीला गोळा होई. परकी जहाजे आपल्या कुशीतल्या तोफांची रांग शत्रूकडे वळवून लढत. त्यांची पिछाडी दुबळी असे. गुराबा तिथून, अंतर राखून, नाळेतल्या तोफांनी डोलकाठ्यांवर मारा करीत. तिन्ही डोलकाठ्या एकमेकींपासून जेमतेम सुट्या दिसू लागल्या, की गोळा टाकायचा. म्हणजे एक ना एक डोलकाठी सापडे. डोलकाठी कोसळली, की जहाज लंगडे होई. तेव्हा कोठे गुराबा जवळ येऊन चहूकडून मारा करीत. इतक्यावरही ते शरण आले नाही, तर मग शेकडो माणसांनी भरलेली गलबते चारी बाजूंनी भिडत आणि लोक तलवारी घेऊन एकाच वेळी वर चढत.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या जहाजाचे नाव इंग्रजी कानाला ‘ओढून धरणारे’ असे ऐकू येत होते, ते जहाज लढाईचा मोठा भाग कोणाला धरीत नव्हते, शिवतही नव्हते. गुराबेचे सारे कौशल्य अंतर राखण्यात होते. अंगाला अंग भिडवण्याचे काम गलबतांचे, आणि तेही शेवटचे. नावाच्या ध्वनीवरून जहाजाचा स्वभाव ठरवणाऱ्याला गुराबेचे हे खरे कसब दिसणारच नाही.

*

इंग्रजांनी नावाच्या ध्वनीवरून स्वभाव ठरवला होता काय? याचा पुरावा गमतीदार ठिकाणी सापडतो. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या शब्दांचा तो कोश आहे. त्यात ‘ग्रॅब’ ही नोंद लिहिताना कोशकारांनी एका काल्पनिक व्युत्पत्तिकाराची थट्टा केली आहे. पुराव्याची वाट न पाहता आपल्याच अंतःप्रेरणेवर व्युत्पत्ती रचणारा माणूस असे म्हणेल, की ही जहाजे चाचे वापरीत, ते समुद्रावर दिसेल ते बळकावीत, म्हणून हे नाव. खरी व्युत्पत्ती वेगळी आहे, असे म्हणून ते अरबी कावळ्याकडे वळतात आणि मराठीतल्या व कोंकणीतल्या ‘गुराब’ या रूपाची नोंद करतात.

कोशकाराला एखाद्या चुकीची थट्टा करावीशी वाटते, ती चूक करण्याचा मोह खरोखर होण्यासारखा असतो तेव्हाच. इंग्रजीभाषक वाचकाला ‘आंग्र्यांच्या ग्रॅब’ हे शब्द वाचताना क्रियापदाचा अर्थ मनात उमटू न देणे जवळजवळ अशक्य आहे. त्यात आंग्र्यांचा उल्लेख इंग्रजी कागदपत्रांत वर्षानुवर्षे ‘चाचे’ असाच होत होता. नावानेच गुन्हा कबूल केल्यासारखे झाले.

पण कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल होता. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला परवाना, म्हणजे दस्तक, घ्यावा. न घेतल्यास जहाज जप्त होईल, हा त्याचा नियम होता. हा नियम त्याने शोधून काढला नव्हता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून याच समुद्रावर आपले परवाने सक्तीने देत होते आणि परवाना नसलेली जहाजे धरीत होते. इंग्रजही स्वतःचे परवाने देत आणि ते इतरांनी मानावेत अशी अपेक्षा करीत. समुद्र कोणाचा, हा त्या काळचा मूळ तंटा. त्या तंट्यात पोर्तुगिजांनी जहाज धरले तर तो अंमल, कंपनीने धरले तर तो बंदोबस्त आणि आंग्र्यांनी धरले तर ती चाचेगिरी, अशी शब्दांची वाटणी झाली. शिवाय कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमारातही ग्रॅब आणि गॅलिव्हॅट होतीच. तीच बांधणी, तेच नाव. पण त्या जहाजांच्या नावात कोणाला गुन्हा ऐकू आला नाही.

*

ही झाली इंग्रजांच्या कानाची गोष्ट. आता आपल्या कानाकडे वळू. जयगडच्या तटावर माझ्या मनात आलेली कल्पना हीच चूक उलट्या दिशेने करीत होती. ‘हॉब्सन-जॉब्सन’मधला काल्पनिक व्युत्पत्तिकार क्रियापदावरून जहाज काढीत होता; मी जहाजावरून क्रियापद काढीत होतो. त्याला त्यातून चाचा सिद्ध करायचा होता, मला पराक्रम. पुरावा मात्र दोघांनीही पाहिला नव्हता.

आणि पुरावा निःसंदिग्ध आहे. ‘ग्रॅब’ हे क्रियापद इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० च्या शेवटच्या दिवशी. कान्होजीचा उत्कर्ष त्यानंतर शंभर वर्षांनी. म्हणजे आंग्र्यांचे नावही ठाऊक नसताना इंग्रज लोक ‘ग्रॅब’ करीत होते. शब्द त्यांना उत्तर समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांकडून, जुन्या डच आणि जर्मन बोलींतल्या ‘ग्राबेन’ या क्रियापदावरून मिळाला. गुराब आणि हे क्रियापद यांचा जन्माने काहीही संबंध नाही. दोन परके प्रवासी एकाच धर्मशाळेत उतरावेत, तसे ते इंग्रजीत एकत्र आले. आणि जहाज बुडाले तेव्हा त्यातला एक कायमचा निघून गेला.

बळजबरीने घेण्याचा एखादा शब्द हिंदुस्थानने इंग्रजीला दिला का, असे कोणी विचारलेच, तर त्याचे उत्तर आहे. पण तो शब्द ‘ग्रॅब’ नव्हे. तो ‘लूट’. हा शब्द आपल्या भाषांतून इंग्रजीत गेला आणि तिथे ठाण मांडून बसला. तो तिकडे नेला कोणी आणि त्यांना त्याची गरज का पडली, हे वेगळे सांगायला नको.

*

व्युत्पत्तीचा मोह एकदा आवरला, की शब्दांमधली खरी नाती दिसू लागतात. आणि ती अधिक विलक्षण असतात.

इंग्रजीत पकडीचे अनेक शब्द ‘ग्र’ने सुरू होतात : ग्रॅब, ग्रास्प, ग्रिप, ग्रॅपल. ऐकताना एका घरातले वाटतात, पण त्यांचे स्वभाव निराळे आहेत. ‘ग्रिप’ म्हणजे आवळलेली आणि टिकणारी पकड. सुकाणूवरच्या तांडेलाच्या हाताची. ‘ग्रास्प’ म्हणजे मुठीत घेणे आणि त्यावरून मनात घेणे, उमगणे. ‘ग्रॅब’मध्ये अवधी नाही आणि परवानगीही नाही, तिथे हिसका आहे. आपल्याकडे त्याला प्रसंगानुसार झडप घालणे, हिसकावणे, बळकावणे, लाटणे असे निरनिराळे शब्द योजावे लागतात. जमिनीच्या बाबतीत ‘बळकावणे’च नेमके बसते, त्याच अर्थाने ‘लँड ग्रॅबिंग’ हे शब्द आता मराठी बातम्यांतही येतात. आणि ‘ग्रॅपल’मध्ये दोघे लागतात. एकट्याने ग्रॅब करता येते, ग्रॅपल करता येत नाही. समोरचाही आपल्याला धरून असावा लागतो. मराठीत त्याला झोंबी.

या चौघांचे गोत्रही एक नाही. ‘ग्रॅपल’ मुळात आकडा. फ्रेंचमधून आलेला हा शब्द द्राक्षाच्या इंग्रजी नावाचा भाऊबंद आहे, कारण द्राक्षांचे घड आकड्याने तोडीत. शत्रूच्या जहाजावर दोराला बांधलेले आकडे फेकून ते आपल्या जहाजाशी खिळवून ठेवायचे, ही युरोपातली जुनी युद्धरीत. झोंबीचा अर्थ त्या आकड्यातून आला. गंमत अशी, की खरोखर धरून ठेवणारा कावळा पाहायचा असेल, तर आपल्याला रोमन इतिहासात जावे लागते. इसवी सनपूर्व २६० मध्ये मायली येथील लढाईत रोमनांनी कार्थेजच्या जहाजांवर टोकाला खिळा असलेले झुलते पूल आदळले आणि त्यांवरून आपले सैनिक पलीकडे उतरवले. त्या पुलाचे नाव ‘कोर्वुस’, म्हणजे कावळाच. अरबांच्या कावळ्याशी या कावळ्याचे काही नाते नाही. समुद्रावर लढणाऱ्या माणसांना दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे, तोच पक्षी आठवला, इतकेच.

‘ग्रिप’चे मूळही वेगळे. उरले ‘ग्रॅब’ आणि ‘ग्रास्प’. त्यांचा माग काढत भाषाशास्त्रज्ञ ज्या प्राचीन धातूपर्यंत पोचतात, तिथे आपल्याला एक ओळखीचा चेहरा दिसतो. वेदांच्या संस्कृतात ‘गृभ्णाति’ म्हणजे तो धरतो, घेतो. पुढे त्यातल्या ‘भ’चा ‘ह’ झाला आणि ‘ग्रह्’ हा धातू प्रचारात आला. फारसीतले ‘गिरफ्तन’ त्याच मुळाचे. आपण ज्याला गिरफ्तार म्हणतो तो या वाटेने आला. आणि संस्कृतातले ‘गृह्णाति’ प्राकृतात ‘गेण्हइ’ झाले, त्यातून मराठीचे साधे, रोजचे ‘घेणे’ आले.

म्हणजे इंग्रजीतले ‘ग्रॅब’ आणि मराठीतले ‘घेणे’ ही हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली चुलत भावंडे आहेत. एकाच्या वाट्याला ओरबाडणे आले, दुसऱ्याच्या वाट्याला सर्वच प्रकारचे घेणे. आपण श्वास घेतो, शिक्षण घेतो, निरोप घेतो, माघार घेतो. ‘ग्रह्’चा विस्तार तर याहून मोठा : ग्रहण, संग्रह, आग्रह, अनुग्रह, परिग्रह. याच धातूतून ‘ग्राह’ निघाला, पाण्यात दबा धरून पाय पकडणारा प्राणी. आणि गजेंद्राच्या कथेमुळे दीर्घकाळ चालणाऱ्या झोंबीला मराठीत ‘गजग्राह’ म्हणतात. ‘ग्रॅपल’ला इतका चपखल आणि तोही पाण्यातला प्रतिशब्द शोधायला दूर जावे लागत नाही. ‘विग्रह’ही त्याच कुळातला. संधि-विग्रहात तो युद्ध असतो, व्याकरणात समास सोडवणे असतो. एकजीव वाटणारी पदे सुटी करून त्यांचा संबंध तपासणे म्हणजे विग्रह. ‘ग्रॅब’ आणि गुराब यांच्या बाबतीत जे करायला हवे होते, ते हेच.

*

असा विग्रह केल्यावर इतिहासाकडे पाहिले, की कोणी काय घेतले ते नावांच्या धुरळ्यावाचून दिसते.

आंग्र्यांनी जहाजे घेतली, ही गोष्ट खरी आहे. १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्र्याने कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज घेतले. त्या धक्क्याची चर्चा पुढे वर्षानुवर्षे चालली. तुळाजीने इंग्रजांची आणि डचांची जहाजे घेतलीच, पण त्याचा उपद्रव मराठी मुलखालाही झाला. पेशव्यांशी त्याचे वितुष्ट आले. ते सारे इंग्रजांचे कुभांड होते असे म्हणणे म्हणजे पुन्हा सोयीची व्युत्पत्ती रचणे होय.

पण पुढचे पानही वाचले पाहिजे. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. विजयदुर्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असला, तरी १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. तोफांच्या माऱ्यात बंदरातल्या एका जहाजाला आग लागली आणि ती पसरत जाऊन आंग्र्यांचे आरमार तिथेच जळून गेले. पूर्वी इंग्रजांकडून घेतलेले ‘रिस्टोरेशन’ही त्यात जळाले. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला.

किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला. तो इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. वाटपाचे नियम मुंबई सोडण्यापूर्वीच ठरले होते आणि दोस्त म्हणून जमिनीवरून चालून आलेल्या मराठ्यांना त्यांत वाटा नव्हता. किल्ला पेशव्यांना द्यायचा होता, तोही इंग्रजांनी आपल्याच हाती ठेवला. अखेर त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्याला तह झाला, तेव्हा विजयदुर्ग सुटला. बदल्यात सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट आणि काही गावे इंग्रजांकडे गेली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारला. चाचेगिरीचा बीमोड म्हणून इंग्रजी इतिहासात गाजलेल्या या मोहिमेचा जमाखर्च मांडला, तर ‘ग्रॅब’ या क्रियापदाचे त्या समुद्रावरचे सर्वांत मोठे उदाहरण कोणते, याचा निर्णय वाचकांनीच करावा. त्यात पेशव्यांच्या पदरी येणारे माप आपण चोरू नये. स्वतःचे आरमार जळताना पाहण्यासाठी त्यांनी परक्याची मदत घेतली होती.

गुराबा त्यानंतरही संपल्या नाहीत. विजयदुर्गाचा सुभा आनंदराव धुळपांकडे गेला. १७८३ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून दक्षिणेकडे निघालेले कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज धुळपांच्या आरमाराने रत्नागिरी-विजयदुर्गच्या समुद्रात गाठले. जहाजावर अनेक लष्करी अधिकारी होते. तासन्‌तास निकराची झुंज होऊन ‘रेंजर’ मराठ्यांच्या हाती आले. कर्नल हंबरस्टन मॅकेंझी जखमी होऊन विजयदुर्गातच मरण पावला. सालबाईचा तह आदल्या वर्षीच झाला होता, म्हणून इंग्रजांनी याला दगा म्हटले. पुण्याच्या दृष्टीने तो आरमाराचा विजय होता. पस्तीस वर्षांनी, १८१८ मध्ये, सारा किनाराच इंग्रजांकडे गेला आणि गुराबेला काम उरले नाही.

*

जहाज गेले, शब्द कोशात राहिला. त्याला मराठी म्हणावे का, असाही एक प्रश्न आहे, आणि तो रत्नागिरीत विचारणे साहजिक आहे. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीचा त्यांचा आग्रह त्याच वर्षांत वाढला. दिनांक, महापौर हे त्यांचे शब्द आज आपण कोणाचे म्हणून विचारत नाही, सहज वापरतो. पण मराठ्यांच्या समुद्राची भाषा त्या चाळणीतून गाळायची म्हटली, तर हाती काय राहील? गुराब अरबी, आरमार पोर्तुगीज, दर्या फारसी. सरखेल हाही फारसी, आणि मुळात तर तो घोडदळाच्या तुकडीचा प्रमुख. ज्या आरमाराचा आपल्याला अभिमान वाटतो, ते शब्दांच्या बाबतीत असे मिळेल तिथून घेऊन उभे राहिले होते. अरबांचा कावळा घेऊन त्याला कोंकणच्या सुतारांनी सागवानात नवा देह दिला. या घेण्यात हिसका नव्हता, आणि देणाऱ्याचे त्यात काही कमीही झाले नाही.

म्हणून ‘ग्रॅब’ आपण इंग्रजांना दिला, या समजुतीची मला आता गरज वाटत नाही. गुराबेचे मोठेपण इंग्रजी क्रियापदावर अवलंबून नाही. ते तिच्या उथळ तळात आणि उघड्या नाळेत आहे, पिछाडी हेरून अंतर राखणाऱ्या तोफांत आहे, आणि पैदास्तीवर आरमार पोसू नये असे लिहून ठेवणाऱ्या अमात्यांच्या शहाणपणात आहे.

जयगडच्या त्या तरुणाला मी एवढेच सांगितले होते, की पूर्वी इथे ग्रॅब नावाची जहाजे असत. तो हसून म्हणाला, “म्हणजे तेव्हापासूनच माल उचलायचं काम चालू आहे.” तेव्हा मला ते वाक्य फार आवडले होते आणि मी मान डोलावली होती. आज त्याला थांबवून सांगावेसे वाटते, की नाही रे, ते नाव कावळ्याचे होते. त्याच खाडीतल्या एका खाजगी बंदराला हल्ली आंग्र्यांचे नाव आहे. पुन्हा कधी भेट झाली, तर तिथूनच सुरुवात करीन म्हणतो.